पाकळीची कड

कंपनीत तिला सगळे नखबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पुरवठादाराकडून आलेला कुठलाही सुटा भाग हातात पडला की ती मोजायचं यंत्र नंतर काढायची, आधी डाव्या हाताचा अंगठा पुढे करायची. अंगठ्याचं नख भागाच्या कडेवरून एकदा फिरवायची आणि कुठे कणभर जरी अडखळलं तरी तो भाग बाजूला ठेवायची. मग तपासनीस तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि नेमक्या त्याच जागी कड उचललेली निघायची. "यंत्रं विकून टाका, बाईंचा अंगठा तेवढा ठेवा," असं तो चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायचा. हे नाव तिला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. पण हे तिचा थोरला भाऊ, दादा, होता तेव्हाचं. दादा गेल्यावर तिने ते नख पार मुळापर्यंत कापून टाकलं, आणि कुणी विचारलं की "तुटलं" म्हणून मोकळी व्हायची.

कंपनी श्वासाची यंत्रं बनवायची. इस्पितळातली अवाढव्य नव्हेत, घरी खाटेशेजारी ठेवायची. ज्यांच्या छातीला स्वतःहून हवा ओढवत नाही त्यांच्यासाठी. यंत्रात दोनशेच्या वर भाग, पण सगळ्यांचा जीव एका भागात. कोटाच्या बटणाएवढी चकती, अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटमधून कापलेली. तिला तीन चिरा, म्हणून तीन पाकळ्या, आणि म्हणून अख्ख्या चकतीचंच नाव पाकळी. हवा आत जाताना पाकळ्या उघडायच्या, माणूस श्वास सोडताना मिटायच्या. टक, फस्स. टक, फस्स. दिवसातून वीस हजार वेळा.

जाड प्लॅस्टिक कापणं कुणालाही जमतं. पातळ शीट मात्र नाकावर राग घेऊनच येते. घट्ट धरली तर वाकते, सैल धरली तर फडफडते, कटर जरा बोथट असला तर कापली न जाता वितळते, आणि वितळलेली कड थंड होताना केसाएवढी वर वळते. कारखान्यात त्याला बर म्हणतात. बर असलेली पाकळी हजार वेळा नीट मिटते आणि हजार एकाव्या वेळी शेजारणीच्या अंगावर अडकून बसते.

ज्या पुरवठादाराकडून कंपनी इतकी वर्षं पाकळ्या घेत होती त्याने त्या महिन्यात धंदा गुंडाळला. मुलांकडे परदेशी जातोय, एवढंच पत्रात लिहिलं होतं. मोठ्या साहेबांनी नखबाईला बोलावून घेतलं.

"सहा आठवड्यांचा साठा आहे. त्याच्या आत नवा माणूस शोधायचा. आणि पारखून, काय?"

"दुसऱ्या कुणाला सांगितलंत तर नाही का चालणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "दुसरं कोण आहे? तुमच्याइतकी नजर कुणाची आहे इथे?"

ती बाहेर आली, जिन्यात उभी राहिली, आणि तिथे तिला पुन्हा ते ऐकू आलं. टक, फस्स. जिना रिकामा होता. चाचणीची खोली तीन मजले खाली, दार बंद. तरी आवाज अगदी कानाशी होता, आणि तिचा स्वतःचा श्वास त्याच्या तालावर चालू लागला होता. वर्षभर हे असंच चाललं होतं. कुठेही, दिवसाढवळ्या. बसमध्ये, भाजी निवडताना, बैठकीत साहेब आकडे वाचत असताना. ती मुद्दाम श्वास रोखून धरायची. मग आवाजही थांबायचा, तिची वाट बघत असल्यासारखा.

दादा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. गाड्या रंगवायच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने रंगाचा फवारा मारला, आणि निवृत्त होईपर्यंत छातीत रंगाशिवाय काही उरलं नाही. डॉक्टरांनी घरी यंत्र ठेवायला सांगितलं तेव्हा तिला वाटलं, चला, निदान हे तरी आपल्या हातातलं आहे. पण नेमकी तेव्हा पाकळ्यांची टंचाई होती आणि जोडून तयार झालेली यंत्रं पाकळ्यांवाचून फडताळात पडून होती. तिने पुरवठादाराला भंडावून सोडलं. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला फोन. "आठ दिवसांत पाहिजेत. नवव्या दिवशी आणल्यात तर परत न्या" इतकं तोडून बोलायची. आठव्या दिवशी चारशे पाकळ्या आल्या. तिने गठ्ठ्याच्या वरच्या वीस काढल्या, नख फिरवलं, वीसच्या वीस स्वच्छ. तिने सही केली. पुढच्याच आठवड्यात दादाच्या खाटेशी यंत्र आलं.

"बघ," दादा मुखवट्याआडून हसत म्हणाला होता, "आता श्वास घ्यायलासुद्धा तुझी सही लागते मला."

चार महिन्यांनी, सकाळी साडेसातला, वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकत असताना दादा गेला. यंत्र चालू होतं. धोक्याची शिट्टी वाजली नव्हती. डॉक्टर म्हणाले, छाती थकली होती, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. सगळी माणसं बाहेरच्या खोलीत जमलेली असताना नखबाई आत एकटी होती. तिने यंत्राच्या झाकणाचे चार स्क्रू काढले, पाकळी काढून रुमालात गुंडाळली, आणि पर्समध्ये नमुन्यांचं पाकीट होतं त्यातली दुसऱ्या लॉटची पाकळी बसवली. का केलं हे तिचं तिलाच कळलं नाही. हात करत होते आणि ती बघत होती. दुसऱ्या दिवशी कंपनीचा तंत्रज्ञ तपासायला आला. यंत्र ठणठणीत आहे, असं लिहून गेला.

रुमालातली पाकळी तिने गोळ्यांच्या छोट्या डबीत ठेवली आणि डबी कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली. एकदाही उघडून बघितली नाही. बघितली असती तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर काय, याच्या पुढे तिचा विचार जात नसे.

वहिनीने यंत्र परत केलं नाही. रविवारी दुपारी नखबाई भेटायला जायची तेव्हा ते चालूच असायचं. खाट नीट आवरलेली, चादरीला एक सुरकुती नाही, आणि उशीवर मुखवटा पालथा ठेवलेला. प्रत्येक झोताला उशीच्या अभ्र्याचा कोपरा उचलायचा आणि खाली बसायचा.

"दुपारी जरा पडते मी इथे, खाली चटईवर," वहिनीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती जराशी लाजली होती. "हे बंद असलं की डोळा लागत नाही. चालू असलं की वाटतं, आहे सगळं जागच्या जागी. वेड लागलंय म्हणाल, वन्सं."

"नाही हो. तसं काय त्यात."

"त्या दिवशी पाच मिनिटं आधी आत आले असते ना..." वहिनी दर वेळी हे म्हणायची आणि दर वेळी वाक्य अर्धंच सोडून उठायची. "चहा घ्याल ना?"

आणि नखबाई चहा घ्यायची, त्या खोलीकडे पाठ करून. पाठीवर तो झोत लागतोय असं तिला वाटत राहायचं.

तर आता पाकळ्यांसाठी ती दारोदार फिरू लागली. पहिला कारखाना काचेचा. स्वागतकक्षात कारंजं, भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग. मालकांनी अभिमानाने सांगितलं, "आमच्याकडे लेझर आहे. माणसाचा हातच लागत नाही." नमुना नाकाशी नेला तर करपल्याचा वास, आणि कडेला चहाच्या डागासारखी पिवळी रेघ. ती आभार मानून उठली.

दुसऱ्या ठिकाणच्या नमुन्याने मात्र तिचे हात थांबले. कड अशी की कापली आहे असं वाटू नये, शीट मुळात तिथेच संपत होती असं वाटावं. प्रकाशात धरली तरी कुठे धूसर नाही, तीनही चिरांच्या टोकांना नेमका गोलवा.

"यंत्र बघता येईल?"

व्यवस्थापकाने आधी टाळाटाळ केली, मग मागे नेलं. यंत्र होतं. त्याच्या टेबलावर मनीप्लांटची कुंडी होती आणि वेल कटरच्या दांड्याला दोन वेढे घालून खिडकीकडे निघाला होता.

"बरेच दिवस सुट्टीवर दिसतंय," ती म्हणाली.

व्यवस्थापक कसनुसा हसला. माणूस वाईट नव्हता. बाहेर पडताना त्यानेच हळू आवाजात सांगितलं, "पलीकडच्या गल्लीत, छापखान्याच्या खाली तळघर आहे. मिस्त्री म्हणून विचारा. या भागात पातळ शीटचं काम कुणीही देवो, शेवटी तिथेच जातं."

तळघरात चौदा पायऱ्या उतरून जावं लागायचं. खाली एकच लांबट खोली, पांढऱ्या दिव्याची, थंड, आणि इतकी स्वच्छ की तिने न सांगता चपला बाहेर काढल्या. मधोमध एक यंत्र. त्याच्या टेबलाला बारीक बारीक भोकं आणि खालून हवा ओढणारा पंप. शीट त्या ओढीने टेबलाला चिकटून बसायची. मिस्त्री पासष्टीचे, उघड्या पायांनी उभे, कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला. भिंतीलगतच्या फळीवर शीटा सपाट पसरून ठेवल्या होत्या.

"ह्या आज नाही कापायच्या का?" तिने विचारलं.

"आज आल्यात. पाहुणीला आल्या आल्या कामाला जुंपली तर ती रुसणार नाही? दिवसभर या खोलीची हवा खाऊ दे, मग बघू." त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला, लांब धरून वाचला. "हे कशात बसतं?"

"श्वासाच्या यंत्रात. घरी ठेवतात त्या."

"अस्सं." त्यांनी कागद पुन्हा एकदा नीट बघितला. "करीन. पण आधी एक बिघडलेला नमुना आणून द्या."

"चांगला आहे ना माझ्याकडे. हा बघा."

"चांगल्याकडून मी काय शिकणार? वाईट कुठे होतं ते कळलं की तिथे डोळ्यांत तेल घालून बघता येतं."

"आमच्याकडे बिघडलेला नाही," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा चढला कसा हे तिला कळेना.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बाई, ज्या कंपनीकडे बिघडलेला नमुना नाही, ती एक तर बघत नाही, नाहीतर बघितलेलं सांगत नाही."

खाई त्याला खवखवे. ती पायऱ्या चढली. दोन दिवस कामावर गेली, कागद हलवले, फोन घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हिवाळी कपड्यांखालची डबी काढली, न उघडता पर्समध्ये टाकली आणि साडेदहाला पुन्हा त्या तळघरात उतरली.

"हा घ्या," डबी पुढे करून ती म्हणाली. "मी बघितलेला नाही. तुम्हीच बघा."

मिस्त्रींनी डबी उघडली, चिमट्याने पाकळी उचलली, दिव्याखाली धरली आणि भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पंप बंद होता. खोलीत सुई पडली तरी ऐकू आली असती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. उघड्या पायाची बोटं फरशीवर आवळली गेलेली तिला दिसली.

"कुठून आणलीत ही?"

"आमच्या जुन्या पुरवठादाराची."

"त्याचं नाव नका सांगू मला." त्यांनी पाकळी पालथी केली. "हे इथे बघा. पाकळीच्या मुळाशी. स्वल्पविरामासारखी खूण दिसते? कटर शीटमध्ये पहिल्यांदा घुसतो त्या जागेची खूण आहे ती. बाकीचे बाहेरून घुसतात. मी आतून घुसतो, आणि माझं यंत्र जुनं आहे, वळताना केसभर झोकांडी खातं. ही माझी आहे, बाई. माझ्या हातची."

तिने खुर्चीची पाठ धरली.

"तो माणूस काम स्वतः करायचाच नाही. मला द्यायचा. कागदावर ना कंपनीचं नाव, ना यंत्राचं. मी विचारलं, कशात बसतं? म्हणाला, खेळण्यात. फुंकर मारली की उडणारं काहीतरी." मिस्त्रींनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. त्यांचे डोळे त्याच्याशिवाय फार लहान दिसत होते. "एरवी मी एकेक शीट कापतो. त्या वेळी सहा-सहाची थप्पी लावली. मधल्या दोन शीटांना हवा मिळत नाही, त्या तापतात, हे मला माहीत होतं. पण म्हटलं, खेळणं तर आहे. आणि घाई फार होती. तो रोज इथे येऊन डोक्यावर बसायचा. सांगायचा, काय करू मिस्त्री, त्या कंपनीतली एक बाई रोज सकाळी नऊला फोन करून माझा जीव खाते."

वर छापखान्याचं यंत्र सुरू झालं आणि छत थरथरू लागलं.

"ती बाई मी," ती म्हणाली. "माझ्या भावासाठी घाई होती. ही त्याच्याच यंत्रातली आहे. तो गेला."

मिस्त्री स्टुलावर बसले. बसताना त्यांनी पाकळी हातातून सोडली नाही.

"कड उचललेली आहे का?" तिने विचारलं.

"आहे. एका पाकळीला. टोकाशी."

"अडकली असेल?"

"अडकू शकते."

"तसं नाही विचारत. त्या दिवशी अडकली होती का?"

"ते मला सांगता येणार नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही." ते थांबून थांबून बोलत होते. "नाही म्हणालो तर तुम्ही घरी जाऊन झोपाल, मीही झोपेन. पण ते खोटं होईल. आणि हो म्हणालो तर तेही खोटंच."

तिला रडू येईल असं वाटलं होतं. वर्षभर तिला वाटत होतं की हा क्षण आला की आपण कोसळू. पण तसं काही झालं नाही. तेवढ्यात मिस्त्रींनी मान वर केली आणि विचारलं, "चारशे कापल्या होत्या मी. सहातल्या दोन म्हणजे सव्वाशेच्या वर त्या तापलेल्या थरांतल्या. बाकीच्या कुठे आहेत?"

तिने मनात महिने मोजले.

"दोन वर्षांनी बदलायच्या असतात," ती म्हणाली. "सोळा महिने झालेत."

"म्हणजे चालू आहेत."

"हो."

वर्षभर तिने एकाच पाकळीचा विचार केला होता. दिवसरात्र तीच एक, डबीतली, दादाची. बाकीच्या त्याच वेळी कुठल्या कुठल्या घरांत, कुणाकुणाच्या उशाशी उघडत होत्या आणि मिटत होत्या, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. आता एकदम तिला त्या सगळ्या दिसू लागल्या.

दुपारी ती साहेबांच्या खोलीत गेली. डबी टेबलावर ठेवली आणि सुरुवातीपासून सांगितलं. काहीही गाळलं नाही. चार स्क्रू काढले तेही सांगितलं.

साहेब आधी तांबडे झाले, मग पांढरे. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? चौकशी झाली, अहवाल आला, प्रकरण संपलं. आता तुम्ही म्हणताय की चौकशीच खोट्या पाकळीची झाली?"

"हो."

"तुमची नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. पण यादी आज काढा. कुठल्या यंत्रात कुठला लॉट बसलाय ते दप्तरात आहे. आज काढली तर उद्या सकाळी माणसं निघतील."

साहेब उठून खिडकीशी गेले. तिथूनच, पाठमोरे असताना, म्हणाले, "माझी आई आहे त्या यंत्रावर. माहितीये ना तुम्हाला?"

तिला माहीत नव्हतं.

"कधीचं यंत्र आहे?" तिने विचारलं.

साहेबांनी फोन उचलून तपासनिसाला यादी काढायला सांगितली.

त्या संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वार रविवार नव्हता, म्हणून दार उघडतानाच वहिनीच्या चेहऱ्यावर भीती होती. नखबाईने उभ्यानेच सांगितलं; बसली असती तर बोलणं झालं नसतं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. आतल्या खोलीत यंत्र चालू होतं.

"म्हणजे मी चहा टाकत होते तेव्हा..."

"माहीत नाही, वहिनी. मिस्त्री म्हणतात, कुणालाच कळणार नाही."

वहिनी हाताची घडी घालून उभी राहिली. "वर्षभर मी म्हणतेय, पाच मिनिटं आधी आत गेले असते तर. तुमच्यासमोर म्हणतेय. दर रविवारी. तुमच्या पर्समध्ये, कपाटात ती वस्तू होती, आणि तुम्ही समोर बसून चहा प्यायलात. मला म्हणू दिलंत."

"हो."

"पाकळीचं नाही मला काही, वन्सं. घाई तुम्ही त्यांच्यासाठीच केलीत, एवढं कळतं मला. पण हे..." ती आत गेली. थोड्या वेळाने यंत्राचा आवाज थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात नळाचं टपटपणं ऐकू आलं. वहिनी बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "आज जा तुम्ही."

पुढचे पाच आठवडे पाकळ्या परत घ्यायचं काम चाललं. तीनशे एकाहत्तर यंत्रांत त्या लॉटची पाकळी बसलेली होती. तंत्रज्ञ कमी पडले म्हणून नखबाईसुद्धा पेचकस घेऊन घरोघरी गेली. नव्या पाकळ्या मिस्त्रींनी कापल्या, एकेक शीट, आणि पहिल्या दिवसांत तर रोज वीस-पंचवीसच तयार व्हायच्या. तिचं काम सोपं होतं. यंत्र दोन मिनिटं थांबवायचं, तेवढा वेळ घरच्या माणसाने हातपंपाने हवा द्यायची, पाकळी बदलायची, जुनी पाकिटात घालून वर नाव लिहायचं. त्या दोन मिनिटांत खाटेवरचं माणूस तिच्याकडे बघत असे. कुणी डोळ्यांनी हसत. एका बाईंनी तिचा हात दाबला आणि "किती काळजी घेता हो तुम्ही लोक" असं पाटीवर लिहून दाखवलं. तिला त्या घराबाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं.

सतरा घरांत यंत्र होतं, माणूस नव्हतं. एका ठिकाणी त्यावर झाकण म्हणून विणलेलं कापड घातलेलं, दुसऱ्या ठिकाणी ते माळ्यावर. ती विचारायची, "कधी गेले?" लोक तारीख सांगायचे. "कसे?" हे विचारायला तिची जीभ उचलत नसे, पण लोक आपणहून सांगत. झोपेत. जेवणानंतर. सकाळी, आम्ही शेजारच्याच खोलीत होतो. ती त्या यंत्रांतल्याही पाकळ्या काढून घ्यायची, पाकिटावर नाव लिहायची, आणि नावाखाली तारीख.

तपासनिसाने सगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. एकोणचाळीस पाकळ्यांची कड उचललेली निघाली. त्यातल्या चार त्या सतरा घरांतल्या. साहेबांच्या आईची स्वच्छ होती. कंपनीने त्या चारही घरांना पत्रं पाठवली आणि जे झालं ते लिहिलं. पत्रांवर सही साहेबांनी केली, पण चौघांकडे पत्र घेऊन ती गेली. एकाने दार लावून घेतलं. एकाने तिला आत बसवून वडिलांचे फोटो दाखवले. उरलेल्या दोघांबद्दल ती कुणाशीच बोलली नाही.

नोकरी गेली नाही. लेखी ठपका आला, सहीचा अधिकार गेला. पाकळ्यांच्या लॉटवर आता तपासनीस आणि आणखी एकजण सही करतात. ती फक्त बघून आपलं मत लिहिते. कंपनीने नियम केला की भाग जिथे प्रत्यक्ष कापला जातो ती जागा पाहिल्याशिवाय कुठलीही मागणी द्यायची नाही. मिस्त्रींनीही आपल्यापुरता एक नियम केला. ज्या कागदावर "कशासाठी" हे लिहिलेलं नाही तो कागद ते पायऱ्यांवरूनच परत पाठवतात. त्यामुळे त्यांचं निम्मं काम गेलं.

वहिनीचा फोन दोन महिन्यांनी आला. "नळ फारच गळतोय. तुमच्या ओळखीचा कुणी आहे का?" बाकी काही नाही. नखबाई स्वतःच नळवाल्याला घेऊन गेली. आतल्या खोलीतली खाट काढलेली होती, भिंतीवर तिच्या कडेची रेघ तेवढी राहिली होती. यंत्र दाराशी, कंपनीत परत न्यायला, बांधून ठेवलं होतं. दोघी नळवाल्याचं काम बघत उभ्या राहिल्या. वायसर कुठल्या मापाचा हवा यावर वहिनीने त्याच्याशी जरा वादही घातला.

तीनशे एकाहत्तरपैकी दोन पाकळ्या सापडल्या नाहीत. एक यंत्र घरच्यांनी जुन्या सामानवाल्याला दिलं होतं, दुसऱ्याच्या पत्त्यावर आता इमारतच नव्हती. नखबाईला ते आवाज अजून येतात, पण आता ते दोन आहेत, आणि एकमेकांशी जुळत नाहीत. एक हळू, एक जरा घाईचा. शनिवारी अर्धा दिवस असतो तेव्हा ती जुनी यंत्रं विकणाऱ्यांना फोन करते. बरेच जण आता आवाज ओळखतात, काही वैतागतात. गेल्या शनिवारी एकजण म्हणाला की असं एक यंत्र त्याने वर्षापूर्वी शहराबाहेरच्या एका माणसाला विकलं होतं. नाव आठवत नाही, घर आठवत नाही, पण पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे जाणारा रस्ता आठवतो.

तिने मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी पंप बंद केला, हात पुसले आणि चपला घातल्या.

टाकीशी दोघं बसमधून उतरले. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना सारखीच बैठी घरं, चाळीस तरी असतील. तिच्या पर्समध्ये पेचकस होता, मिस्त्रींच्या खिशात, पातळ कागदात, नवी पाकळी.

"एका बाजूने मी घेतो, एका बाजूने तुम्ही," मिस्त्री म्हणाले.

"नको काका. दोघं मिळूनच जाऊ."

मिस्त्रींनी पहिल्या घराची कडी वाजवली. आत कुणीतरी खुर्ची सरकवली आणि पावलं दाराकडे येऊ लागली.